आधी इंडेक्स टू, मग डिपॉझिट

सकाळी साडेसहा

जून म्हणजे पुण्यात बिऱ्हाडं हलण्याचा महिना. कॉलेजांचे प्रवेश, कंपन्यांतल्या नव्या नेमणुका, शाळा सुरू व्हायच्या आत घर लावून घ्यायची आई-वडिलांची धांदल, सगळं एकदम येतं. मी भाडेकराराचं काम करते. लॅपटॉप, वेबकॅम आणि थम मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालकाचा, भाडेकरूचा आणि दोन साक्षीदारांचा अंगठा व फोटो घ्यायचा, आणि करार ऑनलाइन दुय्यम निबंधकांकडे नोंदणीला पाठवायचा. लोक ‘ॲग्रीमेंटवाल्या ताई’ म्हणतात.

चहा होईपर्यंत फोनवर मेसेज साचलेले असतात. त्यातले बरेचसे कराराचे नसतातच. ‘ताई, ही जाहिरात खरी वाटते का, जरा बघा ना.’ आजचा पहिला मेसेज लातूरच्या एका वडिलांचा. मुलीला बाणेरला नोकरी लागलीय. मैत्रिणीबरोबर राहायला फर्निश्ड टू बीएचके, भाडं चौदा हजार, डिपॉझिट वीस हजार, ब्रोकरेज नाही. मालक म्हणे बंगळुरूला असतो. घर बघायचं असेल तर सोसायटीचा गेटपास काढावा लागतो, त्याचे अडीच हजार आधी भरायचे, पहिल्या भाड्यातून वजा होतील.

भाड्याचा आकडा वाचूनच मला उत्तर कळलं होतं. त्या भागात तशा घराला याच्या दुप्पट भाडं पडतं. पण वडिलांना नुसतं ‘खोटं आहे’ सांगून भागत नाही, कारण त्यांनी बाणेर पाहिलेलं नाही. म्हणून फोटो मोठे करून बघते. हॉलच्या फोटोत टीव्हीमागचं सॉकेट आपल्याकडचं नाही, दोन चपट्या खाचांचं परदेशी आहे. बेडरूमच्या फोटोतल्या फरश्या वेगळ्या, स्वयंपाकघरातल्या वेगळ्या. एक फोटो गूगल लेन्सवर टाकला तर तोच हॉल दुसऱ्या शहरातल्या जाहिरातीत निघाला. हे सगळं त्यांना फोटोवर लाल गोल करून पाठवलं. आणि एक साधी गोष्ट लिहिली: कुठलीही सोसायटी घर बघायला येणाऱ्याकडून पैसे घेत नाही. गेटवर वहीत नाव लिहितात किंवा मालकाला ॲपवर विचारतात, बस्स. घर बघायला पैसे मागितले की तिथेच थांबा.

गेटपासची ही फसवणूक मला सगळ्यात जास्त चीड आणते. रक्कम एवढी लहान ठेवलेली असते की माणूस तक्रारच करत नाही. अडीच हजारांसाठी पोलीस चौकीत कोण जाणार? त्या गप्प बसण्यावरच हा धंदा चालतो.

सकाळी साडेआठ, कोथरूड

काका-काकू दोघंही सत्तरी ओलांडलेले. मुलगा न्यू जर्सीला. वरचा मजला भाड्यानं देतात. काकांचा अंगठा मशीन घेत नाही. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात, पावसाळ्यात त्यात ओलाव्याची भर. पुसून, कोरडा करून पुन्हा. अंगठा नाही तर तर्जनी, तर्जनी नाही तर मधलं बोट. आधारला दहापैकी कुठलंही बोट चालतं, फक्त धीर लागतो.

तेवढ्यात काकूंनी मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगितली. जाहिरात टाकली त्याच संध्याकाळी फोन आला. ‘मी फौजेत आहे, जम्मूहून पुण्याला बदली झालीय. मिसेस आणि छोटी मुलगी आधी येतील.’ भाड्यावरून घासाघीस नाही, घर बघायचा आग्रह नाही. थोड्या वेळात व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, कॅन्टीनचं कार्ड, गणवेशातला फोटो. काकूंना बरं वाटलं. जवानाचं कुटुंब राहायला येणार म्हणजे घराला शोभा, असं त्या म्हणाल्या. मग पैशांची गोष्ट निघाली. ‘आमचे पैसे अकाउंट्स विभागातून येतात. तिथला नियम असा आहे की आधी तुम्ही एक रुपया पाठवायचा, मग तिकडून डबल येतात.’ काकांनी एक रुपया पाठवला. दोन आले. पाच पाठवले, दहा आले. मग तो म्हणाला, आता डिपॉझिटची निम्मी रक्कम पाठवा, तीस हजार, लगेच साठ येतील. काकांनी त्याला ‘मुलाला विचारून सांगतो’ म्हटलं. त्यावर तो चिडला, आवाज चढवला, जवानावर विश्वास नाही का म्हणून लागेल असं बोलला. काकांनी फोन ठेवून दिला.

काकांनी अगदी बरोबर केलं, आणि तसं मी त्यांना दोनदा सांगितलं. अशा प्रसंगानंतर घरातली वडीलधारी माणसं उगाच स्वतःला दोष देत बसतात.

ही फसवणूक देशभर चालते, पण पुण्यात ती फार चपखल बसते. इथे दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, एनडीए आहे, एएफएमसी आहे, दापोडीला सीएमई आहे. लष्करातला माणूस भाडेकरू म्हणून येणं इथे नेहमीचं आणि त्याचा मान मोठा. तो मान हेच भामट्यांचं भांडवल. पाठवलेली कागदपत्रं बऱ्याचदा खऱ्या जवानाची असतात, आधीच्या एखाद्या व्यवहारात त्या जवानाकडूनच काढून घेतलेली. म्हणून ‘कागद खरे आहेत का’ हा प्रश्न इथे कामाचा नाही. पैसे कुठून कुठे चालले आहेत, एवढंच बघायचं. भाडं भाडेकरू देतो आणि मालक घेतो. मालकाला पैसे मिळण्यासाठी मालकानं आधी पैसे पाठवायचे, असा नियम ना लष्करात आहे, ना बँकेत, ना कुठल्या कंपनीत. खरा जवान आपल्या पगाराच्या खात्यातून चारचौघांसारखंच भाडं भरतो.

चौथ्या प्रयत्नात काकांचं मधलं बोट लागलं.

पावणेअकरा

टेबलावरचं काम. चलन काढायचं, मसुदा तपासायचा, काल पाठवलेल्यांची नोंदणी झाली का बघायचं. लोकांना वाटतं हा सगळा खर्च टाळावा. अकरा महिन्यांचा करार, भाडं वीस हजार, डिपॉझिट साठ हजार धरलं तर मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी एक हजार, शिवाय किरकोळ हाताळणी शुल्क. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, त्यात डिपॉझिटवर दहा टक्के वार्षिक व्याज धरून ती रक्कम मिळवतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणीच नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. हे कळल्यावर ‘नोटरी करून भागवू’ म्हणणारे मालक सरळ होतात.

दुपारी बारा चाळीस

एक वाजता वाकडला एका मुलाचा करार होता. नांदेडचा, हिंजवडीत नुकताच रुजू झालेला. मी गाडी काढत होते तेवढ्यात त्याचाच फोन. आवाज बारीक. ‘ताई, मी गेटवर आहे. वॉचमन म्हणतो या फ्लॅटमध्ये मालकच राहतात, भाड्यानं द्यायचाच नाही.’

‘पैसे दिलेस?’

‘काल टोकन पाच हजार. आज पावणेबाराला डिपॉझिट पस्तीस. तो म्हणाला दुसरी पार्टी येतेय, आत्ता टाक.’

मी त्याला म्हटलं, माझा फोन ठेव आणि १९३० लाव. आत्ता, तिथेच उभा राहून. मी येतेच आहे.

१९३० बद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण बहुतेकांना हा क्रमांक ऐकून माहीत असतो, पण तो लावल्यावर काय होतं ते माहीत नसतं. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. तेव्हा क्रमांक १५५२६० होता, नंतर तो १९३० झाला. फोन आपल्याच राज्याच्या पोलिसांकडे लागतो. पलीकडचा माणूस विचारतो ते असं: पैसे कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की यूटीआर म्हणून दिसतो. ही माहिती यंत्रणेत भरली की ती तुमच्या बँकेला आणि पैसे ज्या बँकेत पोचले तिला एकाच वेळी दिसते. पैसे अजून तिथे असतील तर ती बँक ते रोखून धरते. पुढच्या खात्यात गेले असतील तर मागोमाग तिथे सूचना जाते.

भामट्यांना हे माहीत असतं. म्हणून पस्तीस हजार एका खात्यात थांबत नाहीत. दहा इकडे, बारा तिकडे, बाकीचे एटीएममधून बाहेर. तासाभरात तीन-चार खाती पालटतात. तुमच्या बाजूनं असतो तो फक्त वेळ. पहिला तास हातचा गेला की परत मिळण्याची आशा झपाट्यानं कमी होते. आणि माणसं नेमका तोच तास वाया घालवतात: भामट्याला फोन करून भांडतात, विनवतात, मित्रांना विचारतात, बँकेच्या शाखेत जाऊन रांगेत उभी राहतात. घरी सांगायचं कसं या विचारात संध्याकाळ होते.

मी पोचले तेव्हा मुलाचा फोन लागला होता. पहिल्यांदा लाइन व्यस्त मिळाली, पण त्यानं लावत राहायचं सोडलं नाही. तक्रारीचा पोचक्रमांक एसएमएसनं आला. तो घेऊन आम्ही सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, वॉचमनच्या केबिनमध्ये बसून. वॉचमननं त्याला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. भल्या माणसानं सांगितलं, याच फ्लॅटचा पत्ता घेऊन याआधीही कोणीतरी आलं होतं.

मधल्या वेळात भामट्याचे मेसेज येतच होते. आता ‘पोलीस व्हेरिफिकेशनचे’ साडेचार हजार हवे होते. मुलाला ब्लॉक करायचं होतं. मी थांबवलं. आधी सगळं संभाषण जपून ठेवायचं, स्क्रीनशॉट, नंबर, ज्यावर पैसे गेले तो यूपीआय आयडी, जाहिरातीची लिंक. मग ब्लॉक. चॅट रागानं पुसून टाकणारे खूप भेटतात, आणि पोलिसांना दाखवायला मग काही उरत नाही.

भामट्यानं मुलाला पाठवलेलं ‘ॲग्रीमेंट’ही उघडून बघितलं. पीडीएफ, वर स्टँप पेपरचा फोटो, खाली इंग्रजीत चार पानं, मालकाची सही. यावर विसंबूनच त्यानं पैसे टाकले होते. ऑनलाइन नोंदवलेल्या खऱ्या करारावर दस्त क्रमांक असतो, दोन्ही पक्षांचे आणि साक्षीदारांचे वेबकॅमवर काढलेले फोटो असतात, अंगठ्याचे ठसे असतात, सोबत इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा असतो. आणि मुख्य म्हणजे त्यासाठी तुम्हाला स्वतःला मशीनवर अंगठा द्यावा लागतो. तुम्ही अंगठा दिला नसेल तर तुमचा नोंदणीकृत करार अस्तित्वातच नाही, कागदावर काहीही छापलेलं असो.

मग पोलीस ठाणं. मुलगा बिचकत होता. ‘ते म्हणतील, शिकलेला असून कसा फसलास.’ म्हणोत. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवण्याचं ३१९ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड आहे, आणि गुन्हा कुठेही घडला असला तरी जवळच्या ठाण्यानं तक्रार घ्यायची असते. शिकलेल्यानं फसू नये असं कलम कुठल्या कायद्यात नाही. नव्या शहरात आलेल्या, ऑफिसच्या गेस्टहाउसची मुदत संपत आलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला घराची घाई असते. तो हावरट नव्हता. भाडं बाजारभावापेक्षा थोडंच कमी होतं. ‘लोभ धरला म्हणून फसला’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लोभापेक्षा घाईनं आणि भिडेनं फसलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत.

दुपारी साडेतीन, चिंचवड

डबा गाडीवरच खाल्ला. इथला करार हेवी डिपॉझिटचा. म्हणजे भाडं नाममात्र किंवा शून्य, त्याऐवजी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, घर सोडताना ती जशीच्या तशी परत. मुंबई-ठाण्यात हा प्रकार जुना, आता इकडेही रुळलाय. कुटुंब नवरा-बायको, दोन मुलं, सासूबाई. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, हिशेबाचे पैसे आले होते. त्यातले सहा लाख ठेवायचे आणि भाड्याची चिंता नाही, असा बेत.

घर देणारा गृहस्थ नीटनेटका, बोलका. आधार होतं, अंगठा द्यायला तयार होता. मी घराच्या खरेदीची इंडेक्स टू मागितली. तो म्हणाला, ‘मॅडम, आधार दिलंय ना? लाइट बिल देतो.’ लाइट बिलावर नाव भलत्याचंच. ‘वडिलांचं आहे.’ आडनाव वेगळं. ‘सावत्र.’

इथे मला जे सांगायचंय ते नीट सांगते, कारण माझ्या कामातली हीच गोष्ट लोकांना माहीत नसते. ऑनलाइन नोंदणीत आधारवरून अंगठा जुळतो, तेव्हा एवढंच सिद्ध होतं की समोर बसलेला माणूस तोच आहे, ज्याचं नाव तो सांगतोय. ते घर त्याचं आहे का, हे मशीन विचारत नाही. घराचा पत्ता, फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर हे सगळं माझ्यासारखी कोणीतरी टाइप करते. म्हणजे खऱ्या माणसाचा, खऱ्या अंगठ्याचा, रीतसर नोंदवलेला करार असू शकतो आणि घर तिसऱ्याचंच असू शकतं. हेवी डिपॉझिटच्या फसवणुकीत नेमकं हेच होतं. एक माणूस अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट भाड्यानं घेतो. मालक लांब असतो, त्याला दर महिन्याला भाडं पोचतं, तो निर्धास्त. हा माणूस तोच फ्लॅट मालक म्हणून दुसऱ्याला हेवी डिपॉझिटवर देतो. कधी एकाच फ्लॅटवर दोघा-तिघांकडून घेतो. काही महिने भाडं भरतो, मग गायब. एक दिवस खरा मालक दार वाजवतो, आणि आत राहणाऱ्यांच्या हातात सहा लाखांचा कागद असतो, ज्यावर घराशी संबंध नसलेल्या माणसाची सही.

म्हणून इंडेक्स टू. घराची खरेदी झाली तेव्हाच्या नोंदणीचा तो उतारा. त्यात खरेदी करणाऱ्याचं नाव असतं. मालक तो दाखवू शकत नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकून दस्त शोधता येतो. जुनी घरं नेहमी सापडतात असं नाही. मग मिळकतकराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची पावती, आणि सगळ्यात सोपं म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून ‘या फ्लॅटचे मालक कोण?’ असं विचारायचं. मालक परदेशी असेल, पुण्यात असे हजारो आहेत, तर इथे कोणाकडे तरी कुलमुखत्यारपत्र आणि किल्ली असते. ते मुखत्यारपत्र वाचायला मागायचं, आणि व्हिडिओ कॉलवर मालकाशी बोलायचं. यात अपमान कोणाचाच होत नाही. खरा मालक आनंदानं दाखवतो.

त्या गृहस्थाची दुसरी सूचना होती की करारात डिपॉझिट पन्नास हजारच लिहू, बाकीचे रोख घेऊ, ‘तुमचा स्टँप वाचेल’. मी तिथल्या तिथे कागदावर हिशेब करून नवरा-बायकोला दाखवला. सहा लाखांवर अकरा महिन्यांचं दहा टक्क्यांनी व्याज पंचावन्न हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे एकशे सदतीस रुपये. दीडशे रुपयेही वाचत नाहीत, आणि त्यासाठी साडेपाच लाखांचा पुरावा सोडून द्यायचा.

खोलीत कोणी बोललं नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, ‘कागद आणा, मग बघू.’ गृहस्थ उद्या आणतो म्हणून उठला. मी करार केला नाही, येण्याजाण्याचे पैसेही घेतले नाहीत. निघताना नवऱ्याला सेक्रेटरीचा फ्लॅट कुठे ते विचारून ठेवायला सांगितलं.

साडेपाच

कर्वेनगरला तीन मुली घर सोडत होत्या, करार रद्द करण्याच्या कागदावर सह्या हव्या होत्या. फ्रिज आणि दोन लोखंडी कॉट ॲपवर विकायला काढलेल्या. ग्राहक मिळाला होता, वस्तू न बघताच सांगितलेल्या भावाला तयार. ‘क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ एकीचं बोट पिन टाकायला पुढे झालंच होतं.

पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही. पूर्वी भामटे ‘रिक्वेस्ट’ पाठवून पैसे काढायचे. एका माणसानं दुसऱ्याला पाठवायच्या अशा रिक्वेस्ट यूपीआयवर २०२५ च्या ऑक्टोबरपासून बंदच झाल्या, चांगलं झालं. पण क्यूआर राहिलाच. दुसरा प्रकार पैसे जमा झाल्याच्या खोट्या मेसेजचा: दोन हजारांऐवजी वीस हजार आल्याचा एसएमएस, मग रडवेला फोन, ‘चुकून शून्य जास्त पडलं, आईच्या औषधाचे पैसे आहेत, परत करा.’ एसएमएस वाचून काही करू नका. बँकेचं ॲप उघडा, शिल्लक बघा. वस्तू विकताना तर माणूस दारात येऊन, वस्तू बघून, तिथेच पैसे देतो तेवढाच व्यवहार बरा. मुलींनी कॉट शेवटी खालच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या मुलांना विकल्या.

साडेसात, खराडी

ऑफिसातून लोक सुटले की पुन्हा अंगठे. इथलं जोडपं रजिस्टर करता करता लोणावळ्याचं बोलत होतं. पावसाळी सुट्टीसाठी व्हिला, स्विमिंग पूल, निम्मे पैसे आधी भरा. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर, सगळीकडे हाच प्रकार: खऱ्या बंगल्याचे फोटो, खोटी वेबसाइट, हंगामापुरता नंबर. त्यांना सांगितलं, गूगल मॅपवर बंगला शोधा, तिथे दिलेल्या नंबरवर नाही तर शेजारच्या हॉटेलच्या किंवा दुकानाच्या नंबरवर फोन करा आणि विचारा. गावातल्या माणसाला कुठला बंगला भाड्यानं जातो ते माहीत असतं. आणि आगाऊ रक्कम एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागत असतील तर दोनदा विचार करा.

रात्री साडेनऊ

लातूरचे वडील म्हणाले, मुलगी उद्या स्वतः बाणेरला जाऊन घरं बघणार आहे. वाकडच्या मुलाचा मेसेज होता: पस्तीसपैकी अकरा हजार एका बँकेत रोखले गेल्याचं कळलंय. रोखलेले पैसे हातात यायला वेळ लागतो. बाकीचे चोवीस हजार आणि टोकनचे पाच गेले असं धरून चालावं लागेल. ग्राहकानं स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांचं नुकसान सहसा त्याचं त्यालाच सोसावं लागतं. १९३० चा तो फोन मुलानं गेटवर उभं राहून लावला नसता तर हे अकराही राहिले नसते.

हे पैसे ज्या खात्यांतून पुढे जातात, ती खाती भामट्यांच्या नावावर नसतात. ती असतात आपल्यातल्याच कुठल्यातरी विद्यार्थ्याची, रिक्षावाल्याची, नोकरी शोधणाऱ्या मुलाची. ‘खातं आणि सिम महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील.’ कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना अशी विचारणा होते, मी स्वतः ऐकलंय. खातं देणारा मुलगा गुन्ह्यात आरोपी होतो, त्याचं खातं गोठतं, आणि नोकरीच्या पडताळणीत ते नाव वर येतं. भामटा सापडो न सापडो, पोलीस आधी त्याच्या दारात येतात. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलं आहेत त्यांनी ही गोष्ट आज जेवताना त्यांच्या कानावर घालावी.

आणि सोसायट्यांच्या कमिटीवर असलेल्यांना माझी एक विनंती आहे. गेटवर, वॉचमनच्या केबिनच्या काचेवर, मराठी आणि हिंदीत एक कागद लावा: ‘या सोसायटीत घर बघण्यासाठी कोणतंही शुल्क नाही. कुठल्याही फ्लॅटचे मालक कोण, हे पैसे देण्याआधी ऑफिसात येऊन विचारा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा.’ वाकडच्या त्या गेटवर असा कागद असता, आणि मुलगा पैसे पाठवायच्या आधी तिथे एकदा येऊन गेला असता, तर त्याचा पहिला पगार वाचला असता.